वाचकांचे प्रश्न : वजन घटले म्हणजे प्लास्टिक कुजले का?

प्रश्न : जैवविघटनशील मल्चिंग पेपरचे (पिकाभोवती मातीवर अंथरायच्या प्लास्टिकच्या पातळ थराचे) तुकडे जाळीच्या पिशवीत घालून शेतात पुरले. सहा महिन्यांनी वजन 40 टक्के घटले. तेवढे विघटन झाले असे धरावे का?

उत्तर : नाही. जाळीतून निसटलेला चुरा मातीतच असतो, फक्त तुमच्या तराजूवर येत नाही. उलट चिकटलेल्या मातीने वजन वाढूनही दिसते. प्लास्टिकमधल्या किती कार्बनचा कार्बन डायऑक्साइड झाला, हे मोजल्याशिवाय विघटनाचा आकडा देता येत नाही.

त्यासाठी 2 मिमी चाळणीने चाळलेली 500 ग्रॅम शेतमाती आणि 1 ग्रॅम बारीक केलेला नमुना हवाबंद बरणीत घ्या. ओलावा मातीच्या जलधारण क्षमतेच्या 40 ते 60 टक्के ठेवा. त्याहून ओली माती हवा कोंडते. तापमान 25 अंश सेल्सिअस, बरणी अंधारात. नत्र कमी पडले तर जिवाणूंची वाढ अडते, म्हणून थोडा अमोनियम क्षार घाला. आत एका चंचुपात्रात 0.5 नॉर्मल (तीव्रतेचे माप) पोटॅशियम हायड्रॉक्साइड या अल्कलीचे 20 मिली द्रावण ठेवा. ते जास्तीत जास्त 220 मिग्रॅ कार्बन डायऑक्साइड वायू शोषते, त्यामुळे सुरुवातीला आठवड्यातून दोनदा तरी बदला. काढलेल्या द्रावणात बेरियम क्लोराइड घालून कार्बोनेटचा साका पाडा आणि उरलेला अल्कली फिनॉल्फथॅलीन हा रंगदर्शक वापरून हायड्रोक्लोरिक आम्लाने टायट्रेट करा, म्हणजे थेंबथेंब आम्ल घालून मोजा. जेवढा अल्कली खर्ची पडला, त्यावरून शोषलेला वायू कळतो. बरणी उघडली की ताजी हवा खेळू द्या, वजन करून उडालेले पाणी भरा.

निव्वळ माती, माती व सेल्युलोज (तुलनेसाठी, सहज कुजणारा वनस्पतिजन्य पदार्थ), माती व नमुना अशा प्रत्येकी तीन बरण्या लागतात. मातीतला ह्यूमसही (कुजलेला सेंद्रिय अंश) वायू सोडतोच, तो वजा करायचा. सेल्युलोजचे विघटन चाचणी संपेपर्यंत 60 टक्क्यांवरही गेले नाही, तर माती निर्जीव आहे किंवा झाकण गळते आहे. नमुन्याचे आकडे मग टाकूनच द्या.

निव्वळ मातीचा वायू वजा करून उरलेल्या वायूला नमुन्याचे वजन × सेंद्रिय कार्बनचा अंश × 44/12 याने भागा, 100 ने गुणा. अंश ‘सेंद्रिय’ कार्बनचाच घ्या. पुष्कळ पेपरांत चुनखडीची भर असते आणि आम्लधर्मी मातीत तीही वायू सोडते. काळ्या पेपरातला कार्बन ब्लॅक तर कुजतच नाही. काही कार्बन जिवाणूंच्या शरीरात जातो, म्हणून आकडा 100 पर्यंत पोहोचत नाही. जैवविघटनशील मल्चिंग पेपरसाठीच्या युरोपच्या ईएन 17033 मानकाची अटही 2 वर्षांत 90 टक्के एवढीच आहे.

प्रश्न : पेपरावर ‘कंपोस्टेबल’ लिहिले आहे, ते पुरेसे नाही का?

उत्तर : नाही. कंपोस्टची चाचणी 58 अंशांच्या आसपास होते. पॉलिलॅक्टिक आम्लाचे प्लास्टिक त्या उष्णतेत भराभर तुटते, 25 अंशांच्या मातीत मात्र ते फारच सावकाश कुजते.