बाळ अंगावर पितं, मग वडिलांनी काय करायचं?

प्रश्न : आमची मुलगी बारा दिवसांची आहे. सिझेरियन झालं. जन्मतः वजन 2 किलो 900 ग्रॅम होतं, परवा 2 किलो 800 भरलं. बायको माहेरी संगमनेरला आहे, मी नाशिकहून ये-जा करतो. बाळ तासा-दीड तासाला रडतं. सासूबाई आणि माझी आई, दोघी म्हणतात दूध पुरत नाही, वरचं सुरू करा. ते ऐकून बायको रडते. रात्रीची एक बाटली मी पाजावी, म्हणजे तिला झोप मिळेल, असं मनात आहे. पण मी बाळंतिणीच्या खोलीत गेलो की सगळे अवघडतात. यात पुरुषानं नेमकं काय करायचं?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : बाळाचं वजन ग्रॅममध्ये लक्षात ठेवणारा बाप अर्धं काम करतोच आहे, म्हणून वजनापासूनच सुरू करते. पहिल्या काही दिवसांत जवळजवळ प्रत्येक बाळाचं वजन थोडं उतरतं आणि साधारण दोन आठवड्यांत जन्माच्या आकड्यावर परत येतं. तुमची लेक 100 ग्रॅम मागे आहे. घाबरण्यासारखं नाही, पण लक्ष ठेवायलाच हवं, आणि ते तुम्ही ठेवा. दोन दिवसांनी त्याच काट्यावर, कपडे काढून वजन करा. चोवीस तासांत किती दुपटी ओली झाली, ते लिहून ठेवा. सहा किंवा जास्त वेळा शू आणि पिवळी, पातळ शी होत असेल तर दूध पोटात जातंय. शू कमी झाली, बाळ मलूल दिसलं, प्यायला उठेनासं झालं, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे न्या. त्यांनी काही दिवस वरचं द्यायला सांगितलं तर बिनदिक्कत द्या, त्यात आईची हार नाही.

तासा-दीड तासाला मागणं हे मात्र दूध कमी असल्याचं लक्षण नव्हे. या वयाचं बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा, कधी त्याहूनही जास्त वेळा पितं, आणि संध्याकाळी तर ओळीनं मागत राहतं. जितकं ओढेल तितकं दूध तयार होतं.

म्हणूनच रात्रीच्या बाटलीबद्दल स्पष्ट सांगते : डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ती आत्ता नको. तुमचा हेतू मायेचाच आहे. पण दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं. रात्रीचं पाजणं सुटलं की शरीर समजतं, मागणी कमी झाली. काही दिवसांत खरोखरच दूध आटू लागतं आणि मग ‘पुरत नाही’ म्हणणारे खरे ठरतात. तिला झोप द्यायची तर पाजण्याच्या आधीचं आणि नंतरचं सगळं तुम्ही उचला. बाळ चुळबुळलं की तुम्ही उठा, दुपटं बदला, बाळ तिच्याजवळ द्या. टाके ओले आहेत, तिला बसवू नका. कुशीवर झोपवा, पाठीशी उशी लावा, बाळाचं पोट तिच्या पोटाला टेकू द्या. तोंड मोठं उघडलंय ना, बोंडाभोवतीचा काळा भागही बराचसा आत गेलाय ना, हनुवटी टेकलीय ना, हे पाहा. पडल्या जागी तिला ते दिसत नाही, तुम्हाला दिसतं. पिऊन झालं की खांद्यावर घेऊन ढेकर काढायचा आणि निजवायचं, हे तुमचं. दिवसा सदरा काढून लेकीला उघड्या छातीवर घ्या, वरून चादर घाला. बापाच्या अंगाची ऊब तिला तितकीच मानवते.

मी पालिकेच्या प्रसूतिगृहात परिचारिका होते. तिथला एक टेम्पोचालक पहाटे मार्केटचा माल उतरवून थेट वॉर्डात यायचा, बायकोला तांब्याभर पाणी द्यायचा आणि ती पाजत असताना तिचे खांदे चोळत बसायचा. इतर बायका आधी हसायच्या, मग आपापल्या नवऱ्यांना बोलवायला लागल्या. त्या बाईला पान्हा लवकर फुटायचा, यात मला नवल वाटलं नाही. दूध बाहेर आणणारं ऑक्सिटोसिन भीतीनं, दुखण्यानं, अपमानानं अडतं आणि निवांत असलं की वाहतं.

आता दोन्ही आयांचं. ‘पुरत नाही’ हे वाक्य तिच्या कानावर पडू न देणं, हे या घटकेला तुमचं सगळ्यात मोठं काम आहे. तुमच्या आईशी तुम्हीच बोला, बायकोला बोलायला लावू नका. आवाज न चढवता सांगा, ‘आई, डॉक्टरांनी सहा महिने फक्त अंगावरचं सांगितलंय. पाणी नाही, मध नाही, गुटी नाही. वजनाकडे मी बघतोय.’ त्यांना दूर सारू नका. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, गरम भाजी-भाकरी त्यांच्याइतकं कुणाला जमणार? खोलीत जायचं अवघडलेपण तुम्ही रोज गेलात की आपोआप जाईल. ते घर सासरचं असलं तरी मूल तुमचंही आहे.

तिचं रडू दोन आठवडे उलटूनही थांबलं नाही, बाळाकडेही बघवेना, तर डॉक्टरांना तसं सांगा. ते आजारपण असतं आणि उपचारानं बरं होतं.

प्रश्न : पत्नी पुढच्या महिन्यात कामावर रुजू होईल. बाळ सहा महिन्यांचं होतंय. आता अंगावरचं बंद करावं लागेल का?
(एक वाचक, ठाणे)

उत्तर : मुळीच नाही. सहा महिन्यांनंतर वरणभात, नाचणीची पेज सुरू करा, पण अंगावरचं दोन वर्षं आणि पुढेही चालू द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत बाळाला पाजण्यासाठी कामाच्या वेळेत रोज दोन जादा मधल्या सुट्ट्या घेण्याचा हक्क कायद्यानं दिला आहे. त्यासाठीचा अर्ज दोघांनी मिळून आजच लिहा. पिळून काढलेलं दूध झाकून बाहेर चार तास आणि फ्रिजमध्ये आतल्या बाजूला चार दिवस टिकतं. वाटी-चमचा उकळून घेणं, भांड्यावर तारीख-वेळ लिहिणं, दूध गॅसवर न तापवता कोमट पाण्यात भांडं ठेवून गरम करणं, हे तुमच्या वाट्याला घ्या. बाळाला वाटी-चमच्यानं प्यायची सवय आत्तापासून सुट्टीच्या दिवशी तुम्हीच लावा, कारण आई समोर असली की ते चमचा धरत नाही.