हिशेबाच्या आत घड्याळ नको

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. सहा महिन्यांत मोनाडवरचे, म्हणजे हॅस्केल या प्रोग्रामिंग भाषेत फाइल वाचण्यासारखी कामे क्रमाने जोडण्याच्या रचनेवरचे, नऊ लेख वाचून झाले, त्या भाषेतले तीन प्रकल्प अर्धवट पडले, आणि आता दहावा लेख कोणता वाचावा असे तू विचारतोस. दहावा वाचू नकोस. मोनाड कळला नाही ही तुझी अडचण नाही. घरखर्चाच्या प्रकल्पात तुझे बेरजेचे फंक्शनच फाइल उघडते, आजची तारीख विचारते आणि निकाल पडद्यावर छापते, ही अडचण आहे. त्या फंक्शनच्या प्रकारात, म्हणजे ते काय घेते आणि काय देते हे सांगणाऱ्या ओळीत, आयओ (बाहेरच्या जगाशी देवाणघेवाण) हा शब्द तूच लिहिला आहेस. याहून स्पष्ट इशारा कंपायलरने, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम तपासून यंत्राच्या भाषेत नेणाऱ्या साधनाने, आणखी कोणता द्यायचा होता?

हे मी तिखटपणे लिहितो, कारण हीच चूक मी पगार घेऊन केली आहे. एका पतसंस्थेसाठी लिहिलेल्या माझ्या प्रोग्राममध्ये व्याज काढणारे फंक्शन आजची तारीख स्वतःच संगणकाला विचारत असे. ३१ मार्चच्या रात्री व्याज आकारणी सुरू झाली, काम लांबले, बारा वाजून गेले, आणि त्यानंतर हाती आलेल्या प्रत्येक खात्याला एका दिवसाचे व्याज जास्त लागले. सकाळी पडताळणीसाठी सगळी खाती पुन्हा चालवली, तर रात्री बरोबर आलेली खातीही चुकू लागली. तारीख बाहेरून दिली असती, तर त्या फंक्शनने आजही तेच उत्तर दिले असते. हिशेबाला जे लागते ते त्याच्या हाती द्यावे. हिशेबाने स्वतः उठून काही आणायला जाऊ नये.

तू उलट्या टोकाने शिकतो आहेस, असे मला वाटते. हॅस्केल घडवायचे १९८७ मध्ये ठरले आणि पहिला अहवाल १९९० मध्ये आला. मोनाडवर आधारलेले आयओ मात्र प्रमाण भाषेत आले ते १९९६ च्या १.३ आवृत्तीत. भाषा आळशी, म्हणजे उत्तर लागेपर्यंत मोजणी पुढे ढकलणारी, असल्यामुळे कोणता भाग केव्हा मोजला जाईल याचा भरवसा नव्हता, म्हणून मोजणीच्या मध्येच फाइल वाचण्याची मुभा देणे शक्यच नव्हते, आणि इतकी वर्षे त्या मंडळींनी अवघड पद्धतींनी निभावून नेले, पण शुद्धता, म्हणजे हिशेबाने बाहेरच्या जगाला हात न लावण्याचा नियम, सोडली नाही. त्यांनी आधी हिशेब वेगळा ठेवला आणि मोनाड त्या गरजेतून पुढे आला. तुझ्याजवळ ती गरजच नाही, मग लेखांतून काय कळणार?

हिशेब वेगळा काढलास की क्विकचेक वापर. क्लासेन आणि ह्यूज यांनी २००० मध्ये मांडलेले हे साधन तू सांगितलेला गुणधर्म यादृच्छिक उदाहरणांवर तपासते. सरळव्याजाच्या मुदतीचे दोन तुकडे केले तरी एकूण व्याज तेवढेच यावे, असा गुणधर्म मी एकदा दिला आणि पूर्णांकनाने पडणारा एका पैशाचा फरक लगेच हाती आला. फंक्शन घड्याळ पाहत असते, तर त्याला हा प्रश्न विचारताही आला नसता.

नोकरीत हॅस्केल कोण विचारतो, असेही तू लिहिले आहेस. खरे आहे. पुढे दुसऱ्या ठिकाणी मी हट्टाने हॅस्केलमध्ये लिहिलेला प्रोग्राम मी निघाल्यावर वर्षभरात जावा या भाषेत पुन्हा लिहिला गेला. सहकाऱ्यांना शिकवण्यात मी कमी पडलो, आणि त्यांना काही येत नाही असे म्हणत राहिलो. ती घमेंड होती. पण जावातल्या त्या प्रोग्राममध्येही व्याजाला तारीख बाहेरूनच दिली जाते, हे मी मुद्दाम विचारून घेतले आहे. म्हणजे मी अगदीच चुकलो नव्हतो. हे तुला सांगतो आहे की स्वतःला, ते राहू दे.

चौथा प्रकल्प सुरू करू नकोस. तिसराच उघड, बेरजेच्या फंक्शनमधून फाइल, तारीख आणि छपाई बाहेर काढ, आणि त्याच्या प्रकाराची एकच ओळ रविवारपर्यंत मला पाठव. तीत आयओ दिसले तर उत्तर देणार नाही.

तुझा,
काका