यार्डबर्ड्स म्हणजे फक्त तीन गिटारवाले नव्हेत

यार्डबर्ड्स या ब्रिटिश रॉक बँडबद्दल तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: एरिक क्लॅप्टन, जेफ बेक आणि जिमी पेज हे तीन नावाजलेले गिटारवाले त्यात एकत्र होते का, आणि पेजचा पुढचा बँड लेड झेपेलिन म्हणजे नाव बदललेले यार्डबर्ड्सच का? पहिल्याचं उत्तर सरळ 'नाही'. तिघं एकामागोमाग एक आले. बेक आणि पेज तेवढे १९६६ मध्ये काही महिने शेजारी उभे राहिले. दुसऱ्याचं उत्तर कागदोपत्री 'जवळजवळ हो', पण ऐकायला बसलात तर 'नाही'.

मुळात हा बँड लंडनच्या नैर्ऋत्य उपनगरांतल्या पोरांचा, १९६३ सालचा. किथ रेल्फ गाणं आणि माउथ ऑर्गन, पॉल सॅमवेल-स्मिथ बेस, क्रिस ड्रेजा ऱ्हिदम गिटार, जिम मॅकार्टी ड्रम्स. लीड म्हणजे मुख्य गिटारवर होता टॉप टोपम नावाचा कोवळा मुलगा. घरच्यांनी 'आधी शिक्षण' म्हणून त्याला परत बोलावलं (हा संवाद आपल्या ओळखीचा आहे!) आणि जागा मिळाली एरिक क्लॅप्टनला. रिचमंडच्या क्रॉडॅडी क्लबात आधी रोलिंग स्टोन्स वाजवायचे. त्यांचं नाव झालं, ते पुढे गेले, आणि क्लबवाल्या ज्योर्जिओ गोमेल्स्कीनं ती जागा यांना दिली. वर्षाअखेरीस अमेरिकेहून ब्लूज (कृष्णवर्णीय अमेरिकनांचं लोकसंगीत) गाणारा सनी बॉय विल्यमसन आला तेव्हा त्याच्या साथीलाही हीच पोरं होती.

लोक तीन गिटारवाल्यांची नावं घेतात आणि बाकीच्या चौघांना विसरतात, ते मला पटत नाही. गाण्याच्या मध्येच शब्द बाजूला ठेवायचे, बेस आणि ड्रम्सनी लय चढवत न्यायची, आवाज वाढवत पार टोकाला जायचं आणि पुन्हा मूळ गाण्यावर उतरायचं, हा 'रेव्ह-अप' चौघांशिवाय शक्यच नव्हता. १९६४ मध्ये मार्क्वी क्लबात ध्वनिमुद्रित झालेल्या 'फाइव्ह लाइव्ह यार्डबर्ड्स' या अल्बममध्ये तो ऐका. तिथे सॅमवेल-स्मिथचा बेस गिटारपेक्षा पुढे धावतो.

१९६५ चं 'फॉर युअर लव्ह' हे गाणं ग्रॅहम गोल्डमनचं. हाच गोल्डमन पुढे टेन सीसी या बँडमध्ये गेला. गाण्यावर राज्य आहे ब्रायन ऑगरच्या हार्पसिकॉर्डचं (पियानोसारखं जुनं वाद्य). क्लॅप्टनला फक्त मधल्या तुकड्यात काम. गाणं तुफान चाललं आणि ब्लूजचा कट्टर भक्त क्लॅप्टन वैतागून जॉन मेयॉलच्या ब्लूजब्रेकर्स या बँडकडे निघून गेला. इकडे क्लॅप्टनच्या जागी पेजला विचारलं, पण स्टुडिओची कामं जोरात असल्यानं त्यानं नकार देऊन जेफ बेकचं नाव सुचवलं.

माझ्या मते बँडचा खरा काळ बेकचा. 'हार्ट फुल ऑफ सोल' या गाण्यासाठी आधी चक्क सतारवादक बोलावला होता. पण सतारीचा आवाज त्या रॉक ताफ्यात हवा तसा उठेना. मग बेकनं फझ (आवाज खरखरीत करणारं उपकरण) लावून तोच तुकडा गिटारवर वाजवला, तार ओढून स्वर वाकवत, आणि तेच ध्वनिमुद्रण बाजारात आलं. सतारीचं रूपही नंतर संकलनांत निघालं. दोन्ही लागोपाठ ऐका, बेकनं काय केलं ते लगेच कळतं.

१९६६ च्या उन्हाळ्यात सॅमवेल-स्मिथ निर्माता व्हायला गेला (गायक कॅट स्टीव्हन्सचे गाजलेले अल्बम त्याच्या हातचे). पेज आला तो बेस वाजवायला. नंतर ड्रेजानं बेस घेतला आणि दोन लीड गिटार झाल्या. त्या जोडीचं 'हॅपनिंग्ज टेन इयर्स टाइम अगो' जरूर ऐका. त्यात बेस कोणाचा आहे? पुढे लेड झेपेलिनमध्ये बेस वाजवणाऱ्या जॉन पॉल जोन्सचा! वर्ष संपता संपता बेकही बाहेर पडला, आणि त्यानं पुढे रॉड स्ट्युअर्ट आणि रॉनी वुडला हाताशी धरून स्वतःचा बँड बांधला.

जुलै १९६८ मध्ये ल्यूटनला शेवटचा कार्यक्रम झाला. रेल्फ आणि मॅकार्टी थकले होते. त्यांना हळुवार संगीत करायचं होतं, ते त्यांनी रेनेसाँ या नव्या बँडमध्ये केलं. मात्र स्कँडिनेव्हियाचा दौरा आधीच कबूल केलेला. पेजनं गायक रॉबर्ट प्लँट, ड्रमर जॉन बोनम आणि जोन्स गोळा केले आणि सप्टेंबरात 'न्यू यार्डबर्ड्स' या नावानं डेन्मार्कमध्ये वाजवलं. हेच चौघं पुढे लेड झेपेलिन झाले. ड्रेजानं कॅमेरा धरला. लेड झेपेलिनच्या पहिल्या अल्बमच्या मागच्या बाजूचा फोटो त्यानंच काढलाय.

त्या अल्बममधलं 'डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड' यार्डबर्ड्स आधीपासून वाजवत होते. मूळ गाणं जेक होम्सचं, १९६७ चं. अल्बमवर मात्र फक्त पेजचं नाव छापलं. होम्सनं २०१० मध्ये दावा लावला, तेव्हा कुठे तडजोड झाली. पेजबद्दल कितीही आदर असला तरी हे मला खटकतं.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाची परीक्षा घरी करता येईल. २०१७ मध्ये पेजनंच 'यार्डबर्ड्स ६८' हे न्यूयॉर्कचं लाइव्ह ध्वनिमुद्रण काढलं. त्यातलं हेच गाणं आणि झेपेलिनचं, दोन्ही लावा. व्हायोलिनचा गज गिटारवर फिरवणं यार्डबर्ड्सच्या ध्वनिमुद्रणातही आहे, रचनेचा सांगाडाही बराचसा तोच. पण मॅकार्टी जिथे ताल धरून राहतो तिथे बोनम अंगावर येतो, आणि रेल्फचा पातळ आवाज प्लँटसारखा गिटारशी झुंजत नाही. मी तरी म्हणूनच या दोघांना दोन बँड समजतो.