पॉन शॉपातली बंदूक: आधी नळीत बघा, मग टॅगवर

मागच्या अंकात अमेरिकेतल्या पॉन शॉपातल्या, म्हणजे गहाणवटीच्या दुकानातल्या जुन्या सोन्याबद्दल लिहिलं आणि मला वाटलं आता बांगड्यांचेच प्रश्न येणार, पण आले बंदुकांचे. म्हणजे आपली मंडळी तिकडच्या काउंटरवर पण उभी असतात तर! असो, एकेक घेतो.

प्रश्न: दादा, मी टेक्सासमधल्या फ्रिस्कोला असतो, ग्रीन कार्ड आहे. घराजवळच्या पॉन शॉपमध्ये रुगर कंपनीचं .३५७ कॅलिबरचं ब्लॅकहॉक रिव्हॉल्व्हर आहे, टॅग ५२५ डॉलरचा. दुकानदार म्हणतो जुनं आहे पण एकदम मक्खन. मित्राबरोबर रेंजवर जातो तेवढाच माझा अनुभव. घेऊ का? आणि बघताना नक्की काय बघायचं?

उत्तर: घेता येईल का याचं उत्तर सोपं आहे, येईल. ग्रीन कार्डवाल्याला फेडरल कायद्याची आडकाठी नाही. पॉन शॉपला बंदुका विकायच्या तर फेडरल लायसन्स लागतंच, त्यामुळे गन स्टोअरमध्ये जे होतं तेच इथं होणार, फॉर्म ४४७३ हा खरेदीचा सरकारी फॉर्म भरायचा, त्यात ग्रीन कार्डवरचा यूएससीआयएस नंबर टाकायचा, टेक्सासचं आयडी दाखवायचं आणि मग दुकानदार एफबीआयकडून एनआयसीएस चेक, म्हणजे तुमची पार्श्वभूमी तपासून घेतो. गहाणाचा माल आहे म्हणून कागद कमी असं काही नसतं, उलट ज्यानं स्वतःचीच बंदूक गहाण टाकली तो सोडवायला आला तरी त्याला हाच फॉर्म आणि हाच चेक.

घ्यावं का, हे मात्र रिव्हॉल्व्हर हातात घेतल्यावर. दुकानदाराला आधी रिकामं करून दाखवायला सांगा आणि त्यानं दाखवलं तरी स्वतः परत बघा, त्याला राग येत नाही आणि आला तर दुसरं दुकान बघा. ब्लॅकहॉकचं सिलिंडर, म्हणजे गोळ्या भरायचा गोल भाग, बाजूला उघडत नाही, उजवीकडचं छोटं झाकण उघडून सिलिंडर फिरवत गोळ्यांची सहाच्या सहा घरं बघावी लागतात.

आता "जुनं" म्हणजे किती जुनं ते बघू, कारण या मॉडेलात सगळी गोम तिथंच आहे. फ्रेमच्या बाजूला तीन स्क्रू दिसले तर ते १९७३ च्या आधीचं जुनं मॉडेल, तिथं दोन पिना असतील तर नवं. जुन्यात लोच्या असा की घोडा (मागचा हॅमर) खाली असताना त्याच्यासमोरच्या घरात गोळी असेल आणि रिव्हॉल्व्हर हातातून पडलं किंवा घोड्यावर काही आदळलं तर गोळी सुटू शकते. म्हणून तेव्हाचे लोक सहातली पाचच घरं भरायचे आणि घोडा रिकाम्या घरावर ठेवायचे. रुगरनं पुढे ट्रान्सफर बार, म्हणजे चाप ओढल्याशिवाय घोड्याचा घाव गोळीपर्यंत पोचू न देणारा पार्ट बसवला आणि जुन्या मॉडेलांना तो फुकटात बसवून देतात, कंपनीला फोन केला की कसं पाठवायचं ते सांगतात, काढलेले मूळ पार्टसुद्धा परत पाठवतात. त्यामुळे आधीच बदल केलेलं असेल तर त्या जुन्या पार्टची पिशवी कुठंय हे नक्की विचारा, कलेक्टर लोक त्या पिशवीला पैसे मोजतात आणि काउंटरवरच्या पोराला बऱ्याचदा ती काय आहे हेच माहीत नसतं. बदल न केलेलं पीस कलेक्टरला जास्त आवडतं, पण तुम्हाला रेंजवर वापरायचंय, तुम्ही बदल करून घ्या.

बाकी तपासणी दहा मिनिटांची आहे. छोटी टॉर्च न्या. नळीत उजेड टाकून आतल्या रेषा बघा, धारदार आणि चकचकीत हव्यात, खड्डे दिसले की गंज लागून गेलाय असं समजा आणि आत मध्येच काळी रिंग दिसली तर नळी फुगलेली असू शकते, तिथंच नमस्कार करून बाहेर पडा. मग दुकानदाराची परवानगी घेऊन घोडा अगदी सावकाश मागे ओढा, घोडा पूर्ण मागे अडकेपर्यंत सिलिंडर पण खट् करून लॉक झालेलं पाहिजे, सहाही घरांवर असंच करून बघा. घोडा मागे असताना चापाला (ट्रिगरला) हात न लावता अंगठ्यानं घोडा पुढे ढकला, सुटला तर ते रिव्हॉल्व्हर जागेवर ठेवायचं. सिलिंडर बाजूला किंचित हललं तर चालतं पण मागेपुढे लक्षात येण्याइतकं हलत असेल तर खूप गोळ्या उडून गेल्यात. आणि स्क्रूची डोकी बघा बरं का, चावल्यासारखी दिसली तर कुणीतरी घरी बसून स्क्रू ड्रायव्हरनं प्रयोग केलेत, मला स्वतःला बाहेरच्या ओरखड्यांपेक्षा ती डोकी जास्त घाबरवतात.

सिरीयल नंबर स्वच्छ वाचता आला पाहिजे, घासलेला असेल तर ती बंदूक जवळ बाळगणंच गुन्हा आहे. पावतीवर तोच नंबर लिहून घ्या. चोरीचा माल निघाला तर पोलिस बंदूक घेऊन जातात आणि तुमचे पैसे दुकानदाराकडून वसूल करायला हातात ती पावतीच असते.

किमतीचं म्हणाल तर ५२५ चा टॅग म्हणजे सेल्स टॅक्स ८.२५ टक्के धरून ५६८ डॉलर झाले. ऑनलाइन लिलावात लोक मागतात ती किंमत बघू नका, विकली गेलेली बघा, दोन्हींत बराच फरक असतो. घासाघीस बिनधास्त करा, त्या पीसवर दुकानदारानं कर्ज दिलं ते टॅगच्या बऱ्याच खाली दिलेलं असतं. पॉन शॉपात स्वस्त मिळतं हा आपला समज आहे, बऱ्याचदा नव्याच्या जवळपासचाच टॅग लावतात, गिऱ्हाईक विचारत नाही म्हणून. आणि गनस्मिथकडून (बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून) एकदा तपासून घ्यायचे पैसे वेगळे धरा, माल "आहे तसा" विकतात, परत घेत नाहीत.

प्रश्न: मी एच-१बीवर आहे, बायको अमेरिकन नागरिक आहे. पॉन शॉपमधून तिच्या नावावर एक पिस्तूल घेतलं तर? पैसे माझेच, वापरणार पण मीच.

उत्तर: अहो, तुम्ही दोन वाक्यांत दोन गुन्हे लिहून पाठवलेत. फॉर्म ४४७३ वर स्पष्ट विचारलेलं असतं की खरा खरेदीदार तुम्हीच का, तिथं वहिनींनी "हो" लिहिलं की ती दुसऱ्यासाठी केलेली खरेदी, आणि २०२२ च्या कायद्यानं त्याला १५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. दुसरं म्हणजे एच-१बी, एफ-१ अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावाल्याला बंदूकच काय, गोळ्यासुद्धा जवळ बाळगायला फेडरल कायद्यानं बंदी आहे, रेंजवर भाड्यानं घेतली तरी ती बाळगणंच झालं. वर बंदुकीच्या गुन्ह्यावरून डिपोर्टेशन होतं ते वेगळंच.

एक अपवाद आहे, कुठल्याही राज्याचं चालू हंटिंग लायसन्स. हे खरं आहे, व्हॉट्सॲपवरची अफवा नाही. पण त्याची मुदत संपली की दुसऱ्या दिवशी घरातली तीच बंदूक बेकायदा, आणि हे लायसन्स दरवर्षी काढायचं लक्षात राहील का हे तुमचं तुम्ही ठरवा. वहिनींना स्वतःसाठी घ्यायची असेल तर त्या खुशाल घेऊ शकतात, पण मग ती अशा तिजोरीत हवी जिचा नंबर तुम्हाला माहीत नाही. आणि त्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारा, एका मासिकाच्या सदरावर विसंबून नका राहू.

प्रश्न: सगळं बरोबर भरलं तरी माझा चेक "डिलेड" आला. दुकानदार विचित्र नजरेनं बघत होता. काय चुकलं?

उत्तर: बहुतेक काहीच नाही. नाव आणि जन्मतारीख दुसऱ्या कुणाशी जुळली की असं होतं आणि नागरिक नसाल तर इमिग्रेशनचं रेकॉर्ड वेगळं तपासतात, त्यातही वेळ जातो. कामाचे तीन दिवस उलटूनही उत्तर आलं नाही तर फेडरल कायद्यानं दुकानदार बंदूक देऊ शकतो, द्यायलाच पाहिजे असं नाही, काहीजण थांबतात. दरवेळी असंच होत असेल तर एफबीआयकडे अर्ज करून यूपीआयएन नावाचा नंबर घ्या, पुढच्या वेळी फॉर्मवर तो लिहायचा.

प्रश्न: मी न्यू जर्सीत, भाऊ पेनसिल्व्हेनियात. तिकडच्या पॉन शॉपमध्ये पिस्तुलं बरीच स्वस्त दिसली. त्यानं घेऊन दिवाळीला मला दिलं तर?

उत्तर: नाही. तुमच्यासाठी त्यानं घेणं म्हणजे वरच्या वहिनींचीच गोष्ट, आणि दुसऱ्या राज्यातल्या माणसाला हातोहात पिस्तूल देताही येत नाही, भाऊबीज असली तरी. रस्ता एकच, दुकानानं ते तुमच्या न्यू जर्सीतल्या डीलरकडे पाठवायचं आणि तुम्ही तुमचं हँडगन परमिट दाखवून तिथून घ्यायचं. शिपिंग, डीलरची फी, परमिटची फी धरली की स्वस्ताई उरते किती ते मोजा. शिवाय न्यू जर्सीत दहाच्या वर गोळ्यांचं मॅगझिन चालत नाही आणि जुन्या पिस्तुलाबरोबर बऱ्याचदा पंधरा-सतराचंच येतं.

प्रश्न: रेंजला नेतो तीच बॅग भारतात घेऊन गेलो तर चालेल ना? बंदूक अर्थातच घरी ठेवणार.

उत्तर: दुसरी बॅग घ्या. कप्प्यात विसरलेलं एकच काडतूस मुंबई विमानतळाच्या स्कॅनरवर दिसलं तरी आर्म्स ॲक्ट, १९५९ खाली गुन्हा दाखल होऊ शकतो, असे प्रकार आपल्या विमानतळांवर होतच असतात. "चुकून राहिलं" हे कदाचित पुढे कोर्टात पटेलही, पण तोवर तुमची सुट्टी संपलेली असते.