आरक्षण ‘उठतंय’ असं कोण सांगतं?

मुंबईभोवती वाढणाऱ्या शहरांतून आलेली ही पत्रं, जमीन, घर आणि मैदान-रस्त्यांसाठी राखलेल्या (आरक्षित) जागांबद्दलची. बहुतेकांत ‘दलाल म्हणतो’ हे दोन शब्द आहेतच. नकाशा पाहिल्याचं मात्र एकानेही लिहिलेलं नाही.

प्रश्न (बदलापूर): माझी शेतजमीन नगरपरिषदेच्या हद्दीत आहे. सातबारा माझ्या नावावर आहे. घर बांधता येईल का?

सातबाऱ्यावरून ते कळत नाही. गट नंबर देऊन झोन दाखला (जमीन शेती, निवासी की कशासाठी ठरवली आहे ते सांगणारा) आणि भाग नकाशा (आराखड्याचा तेवढा तुकडा) घ्या आणि आर्किटेक्टला दाखवा. जमीन उल्हास नदीजवळ असेल तर पूररेषाही तपासून घ्या.

प्रश्न (टिटवाळा): दोन गुंठ्यांचा प्लॉट नोटरी करून मिळतोय. पुढे गुंठेवारीत नियमित होईल, असं दलाल म्हणतो. घेऊ का?

नको. गुंठेवारी म्हणजे परवानगीशिवाय पाडलेले छोटे प्लॉट. ते नियमित करणाऱ्या 2001 च्या कायद्याची मुदत 2021 मध्ये वाढवली, ती 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या प्लॉटांसाठी. त्यानंतर पाडलेल्या तुकड्यांना ती नाही. शिवाय नोटरीने मालकी येत नाही, नोंदणीकृत खरेदीखत लागतं. तुकडेबंदीत (जमिनीचे लहान तुकडे पाडायच्या मनाईत) सवलत मिळाल्याचं कात्रण ही मंडळी खिशात घेऊन फिरतात. त्या सवलतीने बांधकाम परवानगी मिळत नाही, हे ते सांगणार नाहीत. वकिलाकडून सर्च रिपोर्ट (जमिनीच्या मालकीच्या जुन्या नोंदींची तपासणी) हातात येईपर्यंत बयाणा देऊ नका.

प्रश्न (विरार): सोसायटीशेजारच्या भूखंडावर मैदानाचं आरक्षण आहे. वर्षानुवर्षं तिथे नुसती झुडपं आहेत. आता आरक्षण उठतंय, टॉवर येणार, असं ऐकतो. खरं का?

ऐकलंत कुणाकडून? आरक्षण आपोआप उठत नाही, पण जाऊ शकतं, आणि कसं जातं हे उपनगरातल्या प्रत्येक सोसायटीला माहीत हवं. विकास आराखड्यात (शहरातली कोणती जमीन कशासाठी, त्या नकाशात) रंग भरला म्हणून जमीन पालिकेची होत नाही. ती ताब्यात घ्यावी लागते: करार करून, टीडीआर (जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे बांधकामाचा हक्क) देऊन किंवा भूसंपादन करून. नगररचना अधिनियम 1966 चं कलम 127 असं सांगतं की आराखडा अमलात आल्यापासून 10 वर्षांत यातलं काहीच झालं नाही, तर मालक पालिकेला खरेदी सूचना, म्हणजे ‘जमीन विकत घ्या’ अशी नोटीस, देऊ शकतो. मग पालिकेला 24 महिने मिळतात. तेवढ्यात जमीन घेतली नाही किंवा घेण्याची पावलं उचलली नाहीत, की आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे संपतं, आणि शेजारच्या जमिनीवर जे चालतं ते तिथेही चालतं. म्हणजे तुमचा टॉवर.

यात मालकाचा दोष मला दिसत नाही. जमीन त्याची अडकते, पैसे मिळत नाहीत. राग येतो तो फायलीचा. लोकसंख्येला मैदान किती लागेल याचा हिशेब करून आरक्षण टाकायचं, अंदाजपत्रकात तरतूद करायची नाही, आणि सूचना आली की 24 महिने या टेबलावरून त्या टेबलावर. त्या काळात आजूबाजूला इमारती मात्र भराभर मंजूर होतात, त्यातल्या मुलांनी खेळायचं पार्किंगमध्ये.

दुसरी तऱ्हा नालासोपाऱ्यात दिसली. कचराभूमी आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रासाठी राखलेल्या जागेवर 41 बेकायदा इमारती उभ्या राहिल्या. उच्च न्यायालयाच्या आदेशाने त्या पाडायला घेतल्या, तेव्हा हजारो माणसं बेघर झाली. जागा वेळीच ताब्यात घेऊन कुंपण घातलं असतं तर?

तुम्ही एवढं करा. माहिती अधिकारात विचारा: या आरक्षणासाठी कलम 127 ची सूचना आली आहे का, कोणत्या तारखेला, आणि त्यावर पालिकेने काय केलं? कलम 37 खाली मंजूर आराखड्यात फेरबदलाचा प्रस्ताव आहे का, तेही विचारा. कारण त्यावर हरकत घेता येते. उत्तर आलं की सोसायटीच्या वकिलाला लगेच भेटा. पुढच्या सर्वसाधारण सभेपर्यंत थांबू नका.

प्रश्न (डोंबिवली): प्रकल्पाला महारेरा नंबर आहे. आणखी काय पाहायचं?

डोंबिवलीतून हा प्रश्न यावा याचं नवल वाटतं. तुमच्याच परिसरातल्या 65 इमारतींनी बनावट बांधकाम परवानग्या दाखवून महारेराचा, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नंबर मिळवला होता आणि नोव्हेंबर 2024 मध्ये उच्च न्यायालयाने बेकायदा इमारती पाडायला सांगितलं. बांधकाम परवानगीचा क्रमांक घेऊन स्वतः नगररचना विभागात जा. विक्री कार्यालयातल्या फाईलवर विसंबू नका. मंजूर नकाशा आणि टायटल वकिलाकडून तपासा.

प्रश्न (पनवेल): प्रारूप आराखड्यात माझ्या घरावरून रस्ता दाखवलाय. हरकतीची मुदत गेली, पण ओळखीच्या पुढाऱ्याला तोंडी सांगितलं होतं.

तोंडी हरकत नसते. 30 दिवस असतात, तेवढ्यात लेखी द्यायची, पोच घ्यायची आणि सुनावणीला जायचं. आता शासनाने मंजुरीच्या वेळी मोठे फेरबदल सुचवून पुन्हा हरकती मागवल्या आणि त्यात तुमचा रस्ता असला, तर एक संधी आहे. तोवर वकील गाठा.

प्रश्न (ठाणे): पुनर्विकासात आम्हाला किती जास्त जागा मिळेल? बिल्डर 40 टक्के म्हणतो.

किती बांधता येईल हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवरही ठरतं, आणि तो किती रुंद आहे हे तुम्ही लिहिलं नाहीत. ते मोजा, मग सोसायटीने नेमलेल्या आर्किटेक्टकडून व्यवहार्यता अहवाल करून घ्या. बिल्डरने नेमलेल्या नव्हे.