वाचकांचे प्रश्न : नकाशावरचा हिरवा ठिपका

नाशिक : एकाच वेळी एका नकाशावर आमच्या भागाचा हवा निर्देशांक ९८ दिसतो, दुसऱ्यावर १५३. खरा कोणता?

दोन्ही खरे असू शकतात, कारण हवा तीच असली तरी फूटपट्ट्या दोन आहेत. समजा, पीएम २.५चं, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म धूलिकणांचं, प्रमाण घनमीटरला ५९ मायक्रोग्रॅम आहे. आपल्या राष्ट्रीय निर्देशांकात ३१ ते ६० हा टप्पा ‘समाधानकारक’, म्हणून ९८. अमेरिकेच्या २०२४मध्ये सुधारलेल्या पट्टीत ५५.५च्या पुढे लाल रंग लागतो, म्हणून १५३. त्यात सरासरीचाही फरक पडतो. आपला निर्देशांक पीएम २.५साठी २४ तासांची सरासरी धरतो, तर काही नकाशे ताज्या तासांना जास्त वजन देतात. त्यामुळे रात्री फटाके सुरू झाले की एक नकाशा लगेच लाल होतो आणि दुसरा बराच वेळ मागे राहतो. दम्याचा रुग्ण घरात असेल तर हा फरक फार मोठा आहे. ठिपक्यावर क्लिक करा आणि मायक्रोग्रॅम, नोंदीची वेळ व सरासरीचा कालावधी वाचा. तुलना करायची ती मायक्रोग्रॅमची.

चिपळूण : उपग्रहाच्या नकाशावरून कालचा पाऊस काढला, तो पेपरातल्या आकड्याशी जुळत नाही. आमचं काय चुकतंय?

आधी ‘काल’ तपासा. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी ८:३० ते दुसऱ्या दिवशी ८:३०. नासाच्या आयमर्ग या उपग्रहावरून काढलेल्या पावसाच्या नकाशाची वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे), म्हणजे तिथला दिवस आपल्याकडच्या पहाटे ५:३०ला सुरू होतो. यूटीसी ३:०० ते ३:००, म्हणजे आपले ८:३० ते ८:३०, असे अर्ध्या अर्ध्या तासाचे ४८ तुकडे घ्या. इथे आणखी एक खड्डा आहे : प्रत्येक तुकड्यातला आकडा ताशी मिलिमीटरमध्ये असतो. त्याची निम्मी किंमत धरून बेरीज करायची, नाहीतर पाऊस थेट दुप्पट होतो.

एवढं करूनही आकडे तंतोतंत जुळणार नाहीत. पर्जन्यमापकाचं तोंड वीतभर, तर उपग्रहाचा एक चौकोन साधारण १० किलोमीटर रुंद. शिवाय सह्याद्रीवर उंच न वाढलेले ढगही धो धो कोसळतात, आणि असा पाऊस उपग्रहाला बऱ्याचदा कमी दिसतो. घाटमाथ्याखालच्या गावाने पुराचा अंदाज बांधताना फक्त या नकाशावर विसंबू नये.

पुणे : शाळेतल्या हवा मोजणाऱ्या २० सेन्सरांचा नकाशा लीफलेटवर (वेबपानावर नकाशे दाखवणारं साधन) केला. ठिपके दिसत नव्हते. ते सापडले, तर संध्याकाळपर्यंत ब्राउझर अडकतो. आणि बंद पडलेला सेन्सर हिरवा दिसतो!

ठिपके बहुतेक उत्तर ध्रुवाकडे गेले असणार. जिओजेसनमध्ये (नकाशाची माहिती साठवायच्या फाइलच्या प्रकारात) आधी रेखांश, मग अक्षांश असतो. लीफलेटचा मार्कर, म्हणजे ठिपका, ते उलट क्रमाने मागतो. पुण्याचे १८.५२ आणि ७३.८६ उलटले की ठिपका नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर बेटाजवळच्या समुद्रात पडतो. नकाशा लहान करून तिकडे पाहिलं की लगेच कळतं.

ब्राउझर अडकतो कारण दर १५ मिनिटांनी जुन्यांवर नवे ठिपके चढतात : २० सेन्सर, दिवसाला ९६ फेऱ्या, म्हणजे १,९२० ठिपके. सगळे एका लेयर-ग्रुपमध्ये (ठिपक्यांच्या एका गटात) ठेवा आणि नवे टाकण्याआधी क्लिअर-लेयर्स ही गट रिकामा करणारी आज्ञा चालवा.

तिसरी चूक मात्र या सगळ्यांत घातक. सेन्सरकडून काहीच आलं नाही की जावास्क्रिप्ट (वेबपान चालवणारी प्रोग्रामिंगची भाषा) त्या रिकाम्या किमतीचं संख्येत रूपांतर करताना शून्य करतं, आणि शून्य म्हणजे ‘चांगली’ हवा! मग बंद पडलेलं यंत्र शाळेतली सर्वांत स्वच्छ जागा दाखवतं आणि मुलं नेमकी तिथे खेळायला जातात. म्हणून रूपांतराच्या आधीच रिकामी किंमत वेगळी काढा. नोंदीची वेळ साठवताना ती भारतीय आहे हे कळावं म्हणून पुढे +०५:३० जोडा. नोंद नसेल किंवा दोन तासांपेक्षा जुनी असेल तर ठिपका करडा करा आणि त्यावर आकड्याऐवजी शेवटची नोंद कधी आली ते लिहा.