बाळ प्रत्येक वेळी दूध प्यायल्यावर गुळण्या टाकतं, काय करावं?

तुमचं बाळ अडीच महिन्यांचं आहे, अंगावर पितं, प्यायल्या प्यायल्या गुळणी टाकतं, तासाभराने पुन्हा फुटलेलं दूध बाहेर येतं, दोनदा नाकातूनही आलं. पोटात काही राहतच नसेल या धास्तीने तुम्हाला झोप नाही. माझी मुलगी अशीच होती, म्हणून लिहिते. मी डॉक्टर नाही. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी समजावलेलं आणि स्वतः निस्तरलेलं सांगते.

पहिला प्रश्न: बाळाचं वजन वाढतंय का? पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला साधारण 20 ते 30 ग्रॅम वाढ होते. वजन वाढतंय, दिवसरात्रीत सहाएक लंगोट ओले होतायत आणि ओकल्यावर बाळ पुन्हा हसतं-खेळतं, तर त्रास कपड्यांना आहे, बाळाला नाही. मी मात्र कितीतरी दिवस बाळाकडे बघायचं सोडून दुपट्याकडेच बघत होते. एका रात्री तिने इतकं काढलं की सगळं दूध बाहेर पडलं असं वाटून मी रडले. मग दोन चमचे दूध मोजून कोरड्या दुपट्यावर ओतलं. डाग पसरत पसरत माझ्या तळहाताहून मोठा झाला, तिच्या डागाएवढाच. तुम्हीही एकदा करून बघा, जीव थोडा भांड्यात पडेल.

असं का होतं, तर अन्ननलिका जठराला मिळते तिथला स्नायू या वयात वरचेवर सैल पडतो. त्यात सगळा आहार पातळ, पोट लहान आणि बाळ दिवसभर आडवं. नाक आणि घसा आतून जोडलेले असल्यामुळे नाकातूनही दूध येतं. पुसून घ्या, श्वास नीट चालू असेल तर घाबरू नका. चौथ्या महिन्याच्या सुमारास हे सगळ्यात जास्त असतं, म्हणजे तुमच्याकडे अजून थोडं वाढूही शकतं. बाळ बसायला लागलं की कमी होत जातं आणि बहुतेक मुलांचं वर्ष-सव्वा वर्षापर्यंत थांबतं.

माझी मोठी चूक सांगते. ती ओकली की पोट रिकामं झालं असं समजून मी लगेच पुन्हा पाजायचे. आधीच भरलेल्या पोटात आणखी दूध, मग आणखी मोठी गुळणी. ते थांबवलं आणि तिने मूठ चोखायला, मान वळवून शोधायला सुरुवात करेपर्यंत वाट बघू लागले, तेव्हा चार दिवसांत फरक दिसला. तिने तोंड फिरवलं की बस, आग्रह करायचा नाही. बाजू बदलताना मध्येच एक ढेकर काढायची. दूध जोरात येऊन तिला ठसका लागला की मी तिला क्षणभर बाजूला घ्यायचे आणि स्वतः मागे रेलून पाजायचे. बाटलीने पाजणाऱ्यांनी बाटलीच्या निपलचं भोक फार मोठं नाही ना ते बघावं, आणि पावडरचं प्रमाण डब्यावर लिहिलंय तेच ठेवावं.

पाजल्यावर वीस ते तीस मिनिटं खांद्याशी उभं धरा. बाळखुर्चीत किंवा गाडीच्या सीटमध्ये ठेवू नका. तिथे बाळ घडी होऊन बसतं, पोट दाबलं जातं आणि उलट जास्त येतं. लंगोट पाजण्याआधीच बदला. मानेच्या वळ्या दर वेळी कोरड्या करा, आमच्याकडे तिथे दूध साचून कातडी लाल झाली होती.

झोपवायचं मात्र पाठीवरच, सपाट आणि टणक गादीवर. हे मला कुणी कितीही वेळा विचारलं तरी मी हेच सांगेन. कुशीवर किंवा पालथं झोपवा, उशी द्या, असं लोक सांगतील, ऐकू नका. पाठीवर असताना श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर असते, त्यामुळे आलेलं दूध श्वासनलिकेत शिरायला वर चढावं लागतं. पालथं केलं की हेच उलटं होतं.

औषधाची घाई करू नका. आम्लता कमी करणाऱ्या औषधाने आम्ल कमी होतं, गुळणी थांबत नाही. दूध घट्ट करण्यासाठी त्यात काही मिसळणं डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नको. तुमचं स्वतःचं खाणंही मनाने तोडू नका. शीमध्ये रक्त, अंगावर चट्टे, सततची रड असं सोबत असेल तर गाईच्या दुधाच्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी असू शकते. तेव्हा डॉक्टर तुम्हाला दोन ते चार आठवडे दुधाचे पदार्थ बंद करून बघायला सांगतील.

आता ज्यात थांबायचं नाही ते. उलटी हिरवी असेल, त्यात रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही दिसलं, पोट फुगून कडक झालं, बाळ मलूल पडलं, लंगोट कोरडे राहू लागले, श्वास अडला किंवा बाळ निळं पडलं, तर लगेच दवाखाना गाठा, रात्र असली तरी. या वयात ताप असेल तरीही तसंच. दर वेळी पिचकारीसारखी लांब उडणारी उलटी आणि लगेच पुन्हा भूक, असं असेल तर त्याच दिवशी दाखवा. जठराचा खालचा मार्ग अरुंद झाला असण्याची शक्यता असते. पिताना पाठ ताणून किंचाळणं आणि दूध नाकारणं रोजचंच झालं असेल, तर तेही दाखवा.

दवाखान्यात जाताना एका गुळणीचा व्हिडिओ काढून न्या. “खूप ओकतं” या शब्दांतून डॉक्टरांना गुळणी की उलटी ते कळत नाही, व्हिडिओत लगेच कळतं. तुम्ही वजनाचा आकडा लिहिलेला नाही. उद्या वजन करून घ्या आणि मागच्या वजनाची तारीख शोधून ठेवा.